प्रशियाच्या पलटणीतून पळून गेलेला माणूस गावी परत येऊ शकत असे का?

अक्षरवाट (प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यात जर्मन भाषांतराचे काम करते. गेले काही आठवडे अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका कुटुंबासाठी त्यांच्या पूर्वजाची जुनी कागदपत्रे वाचून देत आहे. हा तरुण प्रशिया या जर्मन राज्याच्या राइन प्रांतातला होता. १८६४ मध्ये तो पायदळात भरती झाला आणि १८६५ च्या वसंतात रजेवर गावी आला असताना तेथूनच नाहीसा झाला. कुटुंबाकडे जिल्ह्याच्या राजपत्राचे एक कात्रण आहे, ज्यात त्याची उंची, केस, भुवया, नाक, दात आणि अंगावरचे कपडे यांचे वर्णन देऊन तो दिसल्यास पकडून पलटणीच्या हवाली करावे असे लिहिले आहे. त्याबरोबर आईने अमेरिकेत पाठवलेली काही पत्रे आहेत. तिला लिहिता येत नसावे, कारण सर्व पत्रे एकाच सराईत कारकुनी अक्षरात आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी फक्त एक फुली आहे.

या पत्रांत आई पुन्हा पुन्हा विचारते की तू परत केव्हा येशील, आणि पुढच्याच ओळीत सांगते की अजून येऊ नकोस. अखेर १८८४ च्या उन्हाळ्यात तो सहा आठवड्यांसाठी गावी येऊन गेला, हे दुसऱ्या एका पत्रावरून निश्चित होते. घरात याविषयी दोन कथा चालत आल्या आहेत. एका कथेनुसार तो रात्री लपून आला, तर दुसरीनुसार राजाने माफी दिली होती.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. एकोणिसाव्या शतकातील प्रशियात सैन्य सोडून पळणाऱ्याचे नेमके काय होत असे, आणि अशा माणसाला परतीची वाट कोणत्या मार्गाने मिळत असे? शब्दाचीही अडचण आहे. जर्मन शब्द ‘फानेनफ्लुख्ट’ असा आहे, म्हणजे निशाणापासून पलायन. मराठीत ‘पळपुटा’ म्हटले की भित्रेपणाचा शिक्का बसतो आणि ‘फरारी’ म्हटले की चोर-दरोडेखोर डोळ्यांसमोर येतो. आईच्या पत्रांतला मुलगा यांपैकी कोणीच वाटत नाही.


मोडीवाचक

प्रश्न फार चांगला आहे, आणि त्याचे उत्तर थोडे मागून सुरू करावे लागेल, कारण एकोणिसाव्या शतकाला पळून जाण्याविषयीची जी धास्ती वारशात मिळाली ती अठराव्या शतकात तयार झाली होती.

१७३३ पासून प्रशियात प्रत्येक पलटणीला भरतीसाठी स्वतःचा मुलूख नेमून दिलेला होता. तेथील शेतकऱ्यांच्या मुलांची नावे वहीत चढत, त्यांना कवायत शिकवली जाई आणि मग वर्षातील बराच काळ शेतीसाठी घरी सोडले जाई. पलटणीतील उरलेली माणसे बाहेरच्या राज्यांतून पैसे देऊन, दारू पाजून किंवा सरळ फसवून आणलेली असत. यांतली कित्येक माणसे संधी मिळताच पळत आणि दुसऱ्या राजाकडे नाव बदलून पुन्हा भरतीचे पैसे घेत. दुसऱ्या फ्रेडरिकने १७४८ मध्ये आपल्या सेनापतींसाठी युद्धाची जी तत्त्वे लिहिली, त्यांची सुरुवातच सैनिक पळू नयेत म्हणून काय करावे या विचाराने होते. मोठ्या जंगलाजवळ तळ देऊ नये, तंबूंची वरचेवर हजेरी घ्यावी, तळाभोवती घोडेस्वारांची गस्त ठेवावी, गरज नसताना रात्रीची कूच टाळावी आणि गवत किंवा पाणी आणायला जाणाऱ्या तुकडीबरोबर अधिकारी असावा, अशा त्या सूचना आहेत. ज्या सैन्याच्या शिस्तीची सारा युरोप वाखाणणी करीत होता, त्याच्या राजाला शत्रूच्या आधी स्वतःच्याच माणसांवर पहारा ठेवावा लागत होता, ही गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. हाच फ्रेडरिक १७३० मध्ये, १८ वर्षांचा युवराज असताना, बापाच्या जाचाला कंटाळून पळून जाऊ पाहत होता. त्याचा मित्र लेफ्टनंट काटे याला लष्करी न्यायालयाने जन्मठेप दिली होती, परंतु राजाने ती बदलून देहदंड केला आणि क्यूस्ट्रीनच्या किल्ल्यात त्याचा शिरच्छेद झाला.

गावांनाही या पहाऱ्यात गुंतवलेले होते. सैनिक पळाल्याची खूण म्हणून तोफ उडाली की घंटा वाजवून पूल आणि रस्ते अडवणे हे शेतकऱ्यांचे कर्तव्य होते. सापडलेल्याला दोन रांगांमधून उघड्या पाठीने चालवीत, आणि दोन्ही बाजूंचे त्याचेच सोबती छड्या मारीत. न सापडलेल्याची मालमत्ता जप्त होई आणि त्याचे नाव फाशीच्या खांबावर ठोकले जाई. तरीही वेळोवेळी सरसकट माफीचे जाहीरनामे निघत की ठरावीक मुदतीत परत येणाऱ्याला शिक्षा होणार नाही. त्यामागचे कारण सरळ होते : शिकवून तयार केलेला सैनिक महाग पडे आणि मेलेल्या सैनिकाचा राजाला उपयोग नसे.

ही सारी रचना १४ ऑक्टोबर १८०६ रोजी येना आणि आउअरश्टेट येथे नेपोलियनसमोर कोसळली. माघारीच्या गोंधळात हजारो सैनिक आपापल्या घरी निघून गेले. त्यानंतर सेनानी शार्नहॉर्स्टच्या अध्यक्षतेखाली सैन्याच्या पुनर्रचनेसाठी जी समिती बसली, तिने पळून जाण्याच्या प्रश्नाचे मूळ शिक्षेतच शोधले. परदेशी भाडोत्री भरती बंद झाली, आणि ऑगस्ट १८०८ च्या नव्या लष्करी नियमांनी रांगांमधून छड्या खात चालण्याची शिक्षा रद्द केली. त्या समितीतील अधिकारी ग्नायझेनाऊने त्याच वर्षी ‘पाठीचे स्वातंत्र्य’ या नावाचा लेख लिहिला होता. ज्या देशात प्रत्येक घरातला मुलगा सैनिक होणार, तेथे सैनिकाची पाठ सोलून चालणार नाही, असा त्याचा आग्रह होता. अर्थात मारहाण पूर्ण संपली नाही. सैनिकांचा ‘दुसरा वर्ग’ ठेवण्यात आला. गंभीर अपराध करणाऱ्याला त्या वर्गात ढकलले जाई, त्याच्या टोपीवरचा राष्ट्रीय बिल्ला काढून घेतला जाई आणि त्याला काठीचे फटके देता येत.

यानंतर ३ सप्टेंबर १८१४ चा युद्धमंत्री बॉयेनचा कायदा आला. ३ वर्षे प्रत्यक्ष सेवा, २ वर्षे राखीव दलात, आणि मग लांडवेअर या नागरी सैन्यात वयाच्या ३९ व्या वर्षापर्यंत दोन टप्प्यांत बांधिलकी, असे त्याचे स्वरूप होते. आपला तरुण याच चौकटीतला आहे. आता पळणारा माणूस भाड्याचा सैनिक राहिलेला नव्हता. तो गावातला, सर्वांना माहीत असलेला, आईबाप आणि जमिनीचा वाटा मागे ठेवून जाणारा मुलगा होता.


गडवाट

मोडीवाचक यांच्या उत्तरात एक भर घालतो. नव्या व्यवस्थेमुळे लोक आनंदाने सैन्यात आले आणि पळणे थांबले, असा समज होऊ नये. नेपोलियनविरुद्धच्या १८१३ च्या स्वातंत्र्ययुद्धात सायलेशियातील लांडवेअरच्या तुकड्यांमधून, विशेषतः पोलिश भाषक वरच्या सायलेशियातून, बरीच माणसे घरी निघून गेली. अंगावर पातळ कपडे, पायात फाटके जोडे आणि ऑगस्टमधल्या काट्झबाखच्या लढाईच्या दिवसांतला सततचा पाऊस, या सर्वांचा त्यात वाटा होता. १६ जून १८१५ रोजी लिन्यी येथे पराभव झाल्यावर सुमारे ८,००० सैनिक लिएज आणि आखेनच्या दिशेने पांगले. त्यांतले बहुतेक प्रशियाला नुकत्याच मिळालेल्या पश्चिमेकडील प्रांतांतले होते. यांतल्या अनेकांनी काही वर्षांपूर्वी नेपोलियनच्याच बाजूने बंदूक धरली होती. ज्या राजाची ओळखही नाही त्याच्या निशाणाशी निष्ठा एका शपथेने कशी निर्माण व्हावी? राइन प्रांत हाच तो प्रदेश, त्यामुळे तुमच्या तरुणाच्या आजोबांच्या पिढीने पॅरिस आणि बर्लिन या दोन्ही सत्तांची भरती पाहिली असणार.

१८४८-४९ च्या जर्मन क्रांतीच्या काळात, १८४९ मध्ये, हा प्रश्न वेगळ्याच रूपात पुढे आला. त्या मे महिन्यात राइनलँड आणि वेस्टफालियात लांडवेअरला बोलावणे आले तेव्हा एल्बरफेल्ड आणि इझरलोन येथे उठाव झाले, कारण क्रांतिकारकांवर गोळी झाडायला हे लोक तयार नव्हते. पॉट्सडॅमचा माक्स डोर्टू हा प्रशियाच्या लांडवेअरमधील कनिष्ठ अधिकारी बाडेन या दक्षिणेकडील जर्मन राज्यातील क्रांतीत सामील झाला. प्रशियाच्याच लष्करी न्यायालयाने ३१ जुलै १८४९ रोजी त्याला फ्रायबुर्गजवळ गोळ्या घातल्या. पळून जाणाऱ्या प्रत्येकाला मृत्युदंड होई ही समजूत चुकीची असली, तरी युद्धात किंवा बंडात शत्रूपक्षाला मिळणाऱ्याविषयी राज्याने कधीही दयामाया दाखवली नाही.


राइनकाठ

मी गेली अनेक वर्षे कोब्लेंट्सला राहतो आणि येथील जुनी राजपत्रे वाचण्याचा मला नाद आहे. प्रशियातील प्रशासकीय जिल्ह्यांची राजपत्रे १८११ पासून निघू लागली. रस्त्यांची डागडुजी, शिक्षकांच्या नेमणुका, गुरांचे रोग यांच्या शेजारीच अशा शोधपत्रांचे रकाने असत. तुम्ही सांगितलेले वर्णन अगदी ठरलेल्या साच्यातले आहे. छायाचित्र नसलेल्या काळात माणूस ओळखायचा तर कपाळ, भुवया, हनुवटी आणि बोलण्याची ढब यांवरच. मला हे रकाने वाचताना दर वेळी वाईट वाटते, कारण त्या वर्णनातल्या कित्येक मुलांचे दुसरे कोणतेही चित्र जगात उरलेले नाही.

आता परत आणण्याविषयी. पळालेला सैनिक सीमा ओलांडून गेला की पोलिसांचा हात तेथे पोहोचत नसे, आणि जर्मन प्रदेशात तर सीमा एका दिवसाच्या चालीवर असे. म्हणून राज्ये आपापसांत करार करीत. या करारांना ‘कार्टेल’ म्हणत. आज आपण हा शब्द व्यापाऱ्यांच्या संगनमतासाठी वापरतो, पण त्या काळी त्याचा हाही एक अर्थ होता. एकमेकांचे पळालेले सैनिक शोधून त्यांच्या शस्त्र, घोडा आणि गणवेशासह परत द्यायचे, पकडून देणाऱ्याला बक्षीस द्यायचे, खाण्यापिण्याचा खर्च मूळ राज्याकडून घ्यायचा, आणि पळालेल्याकडून घोडा किंवा कोट विकत घेणाऱ्याला ती वस्तू परत करायला लावायची, असा त्यांचा सर्वसाधारण आशय असे. १० फेब्रुवारी १८३१ रोजी जर्मन महासंघाने, म्हणजे जर्मन राज्यांच्या संघाने, सर्व सदस्य राज्यांसाठी एकच सामाईक करार केला. त्यामुळे प्रशियाचा सैनिक हेस्से किंवा हॅनोव्हरमध्ये गेला तरी तो सुरक्षित राहिला नाही.

पूर्वेकडे रशियाबरोबरचे करार याहून कठोर परिणामांचे होते. १८१६, १८३०, १८४४ आणि १८५७ या वर्षांत प्रशियाने रशियाशी असे करार केले. तेथे मुख्य ओघ उलट दिशेचा होता. झारच्या सैन्यातील सेवा १८३० च्या सुमारास २५ वर्षांची होती, आणि त्या सेवेतून सुटण्यासाठी पोलिश, लिथुआनियन व ज्यू तरुण प्रशियात येत. त्यांना पकडून सीमेवर रशियन सैनिकांच्या ताब्यात देण्याचे काम प्रशियाच्या पोलिसांना करावे लागे, आणि पूर्व प्रशियातील नागरिकांमध्ये या करारांविषयी तीव्र नाराजी होती. परत देण्याचा अर्थ पलीकडे काय होतो हे सीमेवरच्या गावांना चांगले ठाऊक होते.

राइन प्रांतातून पळणाऱ्याला मात्र पश्चिम मोकळी होती. फ्रान्सची परकीय पलटण १८३१ मध्ये उभी राहिली आणि तिच्यात जर्मन राज्यांतून पळालेले सैनिक मोठ्या संख्येने गेले. नेदरलँड्समध्ये हार्डरवाइक येथे वसाहतींच्या सैन्याचे भरती केंद्र होते, तेथून माणसे थेट जावाला जात. एका पलटणीतून सुटण्यासाठी त्याहून कठीण पलटणीत शिरणे आपल्याला विचित्र वाटेल, परंतु हातात पैसा नसलेल्या माणसाला जहाजाचे भाडे परवडत नसे. ज्याच्याकडे थोडे पैसे असत तो अँटवर्प, रॉटरडॅम किंवा ले हाव्र गाठून अमेरिकेला जाई. तुमचा तरुण ज्या अर्थी अमेरिकेत पोहोचला, त्या अर्थी घरातल्या कोणीतरी भाड्याची सोय केली असणार. आईच्या पत्रांत कर्जाचा किंवा विकलेल्या जनावराचा उल्लेख आहे का ते पाहा.

आपण होऊन परत येणाऱ्याचे काय होई, हा तुमचा मुख्य प्रश्न. शांततेच्या काळात पहिल्यांदाच पळालेला सैनिक काही आठवड्यांत पलटणीच्या दारात स्वतः उभा राहिला तर त्याच्याकडे सौम्यपणे पाहिले जाई. पकडला गेलेला मात्र बिल्ला गमावून दुसऱ्या वर्गात जाई आणि शतकाच्या पूर्वार्धात त्याला किल्ल्यावरील मजुरीची शिक्षा भोगावी लागे, म्हणजे तटबंदीची माती वाहणे, दगड फोडणे, खंदक उपसणे. ती भोगून झाल्यावरही सुटका नसे, कारण राहिलेली सेवा पुढे पुरी करावीच लागे.


अक्षरवाट

आपणा सर्वांचे मनापासून आभार. राइनकाठ, १८६५ च्या शरद ऋतूतल्या पत्रात आई लिहिते की ‘गाय गेली, पण त्याचे दुःख करू नकोस’. आजवर मी त्याचा अर्थ गाय मेली असा लावला होता. आता ते वाक्य मी पुन्हा वाचणार आहे.

आणखी एक माहिती देते. १८८४ मध्ये आला तेव्हा त्याच्याजवळ अमेरिकेच्या नागरिकत्वाचा दाखला आणि पासपोर्ट दोन्ही होते. तो १८७२ मध्येच तेथील नागरिक झाला होता. या कागदांनी त्याला संरक्षण मिळाले असेल का?


वकिली_वही

मी वकील आहे आणि नागरिकत्वाच्या कायद्याच्या इतिहासात मला विशेष रस आहे. या कागदांनी थोडे संरक्षण मिळाले असणार, पण माझ्या मते त्याला खरे वाचवले ते मुदतीच्या कायद्याने, म्हणजे ठरावीक वर्षे उलटल्यावर खटला चालवता येत नाही या नियमाने. ते कसे, हे सविस्तर सांगतो.

प्रशियात देश सोडून जाण्याचे स्वातंत्र्य तत्त्वतः मान्य होते. ३१ जानेवारी १८५० च्या राज्यघटनेच्या ११ व्या कलमात असे म्हटले होते की स्थलांतराच्या स्वातंत्र्यावर राज्याला मर्यादा घालता येईल ती फक्त लष्करसेवेच्या कर्तव्यापुरती. या एका अपवादातच सगळे आले. १८४२ च्या नागरिकत्व कायद्यानुसार १७ ते २५ वयाच्या पुरुषाला देश सोडण्याची परवानगी हवी असेल तर तो केवळ सेवा टाळण्यासाठी जात नाही असा दाखला आणावा लागे. परवानगी न घेता गेलेला माणूस १० वर्षे परदेशात राहिला की प्रशियाचे नागरिकत्व गमावत असे, परंतु नागरिकत्व गेले म्हणून आधी केलेला अपराध पुसला जात नसे.

अमेरिकेने या बाबतीत सुरुवातीला माघार घेतली होती. १८४० मध्ये योहान क्नोके नावाचा अमेरिकी नागरिक झालेला मूळचा प्रशियन परत आला असता त्याला सैन्यात ओढण्यात आले. बर्लिनमधील अमेरिकी राजदूत हेन्री व्हीटन यांनी त्याला कळवले की तुम्ही अन्य कोणत्याही देशात असता तर आम्ही तुमचे रक्षण केले असते, पण जन्मभूमीत परतल्यामुळे तुमची मूळ बांधिलकी पुन्हा जागी झाली आहे. १८५९ मध्ये परराष्ट्रमंत्री लुईस कॅस यांनी ही भूमिका बदलली. पुढे कधीतरी सेवा करावी लागली असती एवढ्या कारणावरून परतलेल्या अमेरिकी नागरिकाला पकडता येणार नाही, मात्र देश सोडण्यापूर्वीच जो प्रत्यक्ष सैन्यात होता आणि पळाला, किंवा बोलावणे आल्यावर हजर झाला नाही, त्याच्यावर मूळ देश खटला चालवू शकतो, असा भेद त्यांनी केला. तुमच्या तरुणाचे दुर्दैव असे की तो या भेदाच्या चुकीच्या बाजूला होता. भरतीपूर्वी गेलेला आणि बराकीतून गेलेला यांच्यात कायद्याच्या नजरेने मोठे अंतर होते.

२२ फेब्रुवारी १८६८ रोजी उत्तर जर्मन महासंघ (प्रशियाच्या नेतृत्वाखालील जर्मन राज्यांचा संघ) आणि अमेरिका यांच्यात अमेरिकी राजदूत जॉर्ज बॅनक्रॉफ्ट यांनी केलेला तह झाला. ५ वर्षे अमेरिकेत राहून नागरिक झालेल्या जर्मनाला महासंघ अमेरिकी नागरिक मानू लागला. तरीही दुसऱ्या कलमाने असे राखून ठेवले की स्थलांतरापूर्वी केलेल्या अपराधासाठी परतलेल्या माणसावर मूळ देशाच्या कायद्याने खटला चालवता येईल, फक्त त्या कायद्यातील मुदतीचा लाभ त्याला मिळेल. चौथ्या कलमानुसार तो २ वर्षांहून अधिक काळ जर्मनीत राहिला तर अमेरिकेत परतण्याचा त्याचा इरादा नाही असे धरता येत असे. सहा आठवड्यांचा मुक्काम या कलमात बसत नाही.

आता मुदतीचा हिशेब मांडू. जर्मन साम्राज्याची लष्करी दंडसंहिता २० जून १८७२ ची आहे. तिच्यात परवानगीवाचून गैरहजर राहणे आणि सेवेतून कायमचे निसटण्याच्या हेतूने जाणे असे दोन वेगळे अपराध आहेत, आणि ‘फानेनफ्लुख्ट’ हे नाव फक्त दुसऱ्याला आहे. शांततेच्या काळात पहिल्या वेळी पळाल्यास ६ महिने ते २ वर्षे कैद, दुसऱ्या वेळी १ ते ५ वर्षे, आणि त्यानंतर सक्तमजुरी. शत्रूसमोर जागा सोडणाऱ्याला आणि शत्रूला जाऊन मिळणाऱ्याला मृत्युदंड. सहा आठवड्यांच्या आत स्वतः हजर होणाऱ्याची शिक्षा, अपराध युद्धकाळात घडलेला नसेल तर, निम्म्यापर्यंत कमी करता येत असे आणि त्याला दुसऱ्या वर्गात न ढकलण्याची मुभाही न्यायालयाला होती. राइनकाठ यांनी सांगितलेला सौम्यपणा येथे कायद्याच्या शब्दांत उतरलेला दिसतो.

मुदतीविषयीचे कलम मात्र चतुराईने लिहिलेले आहे. साधारण अपराधात मुदत अपराधाच्या दिवसापासून मोजतात. येथे ती मोजायची त्या दिवसापासून, ज्या दिवशी तो पळाला नसता तर त्याची सेवेची बांधिलकी पूर्ण झाली असती. म्हणजे माणूस परदेशात असला तरी कागदावर त्याची सेवा चालूच राहते, आणि ती संपल्यावरच विसरण्याचे घड्याळ सुरू होते. १८६७ नंतरच्या रचनेत सैन्य आणि राखीव दल मिळून ७ वर्षे व लांडवेअरची ५ वर्षे, अशी एकूण १२ वर्षे होत. १८६४ च्या भरतीपासून सर्वांत लांब हिशेब धरला तरी ही बांधिलकी १८७६ मध्ये संपते. या श्रेणीतील अपराधाची मुदत ५ वर्षांची होती, म्हणून १८८१ मध्ये ती पुरी झाली. मधल्या काळात न्यायालयाने त्याच्याविरुद्ध काही पाऊल उचलले असते तर मुदत नव्याने सुरू झाली असती, परंतु तसे काही घडले नसेल तर १८८४ च्या उन्हाळ्यात त्याला पकडण्याचा आधार उरला नव्हता. आई इतकी वर्षे ‘अजून येऊ नकोस’ असे का लिहीत होती, याचे उत्तर बहुधा या हिशेबात आहे. पत्रे लिहून देणाऱ्या त्या कारकुनी हाताच्या माणसाला कायद्याची जाण असावी.

एक गोष्ट तपासावी असे सुचवतो. न सापडलेल्या सैनिकाविरुद्ध त्याच्या अनुपस्थितीत निकाल देऊन ५० ते १,००० थेलर दंड ठोठावला जाई. पुढे मार्क आल्यावर याच रकमा १५० ते ३,००० मार्क अशा झाल्या. हा दंड त्याच्या वारशाच्या वाट्यातून वसूल होई. गावात राहिलेल्या आईबापांना खरी झळ लागे ती येथे.


रानवारा

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या आजोबांचे प्रकरण याच प्रकारचे नव्हते का? त्यांनाही लष्करसेवा टाळल्यामुळे जर्मनीत परत राहू दिले नाही असे वाचले आहे.


वकिली_वही

ते प्रकरण जवळचे असले तरी दोन महत्त्वाचे फरक आहेत. फ्रीडरिक ट्रम्प यांचे काल्स्टाट हे गाव बव्हेरियाच्या राज्यात होते, प्रशियात नव्हते, आणि ते १८८५ मध्ये १६ व्या वर्षी, म्हणजे भरतीच्या वयाआधीच गेले. त्यामुळे ते सैन्यातून पळालेले नव्हते. त्यांना कायमचे परतायचे होते, ती परवानगी नाकारली गेली आणि १९०५ मध्ये देश सोडावा लागला.

मात्र तोडगा तोच होता, आणि प्रशियाही तो वापरत असे. खटला चालवता येत नसेल तर परतलेल्या माणसाला परकीय ठरवून हद्दीबाहेर काढायचे. १८८० च्या दशकात उत्तर समुद्रातील फ्योर बेटावरून अमेरिकेला जाऊन नागरिक होऊन परतलेल्या तरुणांना प्रशियाने असेच बाहेर काढले आणि त्यावरून अमेरिकी वकिलातीशी बराच पत्रव्यवहार झाला. शिक्षा न भोगता, सेवा न करता हे लोक गावात सुखाने राहिले तर उरलेली मुलेही जहाज धरतील, ही सरकारची भीती होती. श्लेस्विगमधील डॅनिश भाषक कुटुंबांना आणि १८६६ नंतर हॅनोव्हरच्या लोकांना ही भीती चांगलीच भोवली. हॅनोव्हर गिळंकृत झाल्यावर प्रशियाचा गणवेश घालायला नकार देऊन काही शे तरुण नेदरलँड्स, स्वित्झर्लंड आणि फ्रान्समध्ये गेले, आणि आपल्या पदच्युत राजाच्या नावाने त्यांनी १८७० पर्यंत एक पलटण टिकवून ठेवली. स्वतःच्या मते ते निशाण सोडून पळालेले नव्हतेच, कारण त्यांचे निशाण दुसरे होते.


मोडीवाचक

शब्दाच्या प्रश्नाकडे परत येतो. हॅनोव्हरच्या उदाहरणामुळे मला वाटते की ‘निशाण’ हा शब्द भाषांतरात ठेवलाच पाहिजे. सैनिकाची शपथ निशाणावर होत असे, आणि अपराधाचे नावही त्या शपथेवरून आले आहे. ‘निशाण सोडून गेलेला’ असे लिहिले तर आरोप कोणता होता हे कळते आणि तो भित्रा होता की नाही याचा निवाडा आपण करीत नाही. जुन्या मराठीत निशाणाला जो मान आहे त्यामुळे मराठी वाचकाला त्यातले गांभीर्यही जाणवेल. राजपत्राच्या कात्रणात मात्र ‘फरारी सैनिक’ असेच लिहावे, कारण तेथे बोलणारे सरकार आहे.


अक्षरवाट

हा भेद मला अगदी पटला. कात्रणात ‘फरारी सैनिक’ आणि कुटुंबासाठी लिहायच्या टिपणात ‘निशाण सोडून गेलेला’ असे ठेवते.

वकिली_वही, आपण सांगितल्यावर मी आजच उरलेली पत्रे पुन्हा चाळली. १८६७ च्या एका पत्रात असे वाक्य आहे : ‘वडिलांच्या मळ्यातला तुझा तुकडा आता शेजाऱ्याचा झाला, साहेबांनी कागद आणला होता.’ साहेब कोण आणि कागद कशाचा हे मला कळत नव्हते. तो अनुपस्थितीतील निकालाचा दंड असावा असे आता वाटते. त्या जिल्ह्याच्या राजपत्राचे १८६६ आणि १८६७ चे अंक मिळवून अशा निकालांचे रकाने पाहण्याचे ठरवले आहे. राइनकाठ, कोब्लेंट्सच्या अभिलेखागारात ते अंक सलग आहेत का, आणि बाहेरच्या माणसाला त्यांच्या प्रती मागवता येतात का, एवढे कृपया सांगावे.


राइनकाठ

येत्या गुरुवारी मी तेथे जाणारच आहे. गावाचे आणि पलटणीचे नाव मला खासगी संदेशात कळवा. निकालांच्या यादीत तो सापडला तर पानाची प्रत पाठवतो, आणि त्याच गावातली आणखी किती मुले त्या दोन वर्षांत यादीत आली तेही मोजून सांगतो.